व्हिस्लरच्या ‘वेअरी’तली बाई: मूड कुठून येतो, आणि नाव कुठे गेलं?

कोरीवकाम (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आमच्या कलामहाविद्यालयाच्या ग्रंथालयात एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय मुद्राचित्रांच्या प्रतिकृतींचं छोटं प्रदर्शन लागणार आहे. त्यातल्या एका चित्राखालचं तीनेकशे शब्दांचं टिपण माझ्याकडे आलंय. चित्र आहे जेम्स मॅकनील व्हिस्लरचं ‘वेअरी’ (म्हणजे थकलेली), १८६३, ड्रायपॉइंट (सुईनं थेट तांब्यावर ओरखडून केलेलं मुद्राचित्र).

पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: एक तरुण बाई खुर्चीत मागे रेललेली, डोकं पाठीला टेकलेलं, केस मोकळे सुटून डोक्याभोवती पसरलेले, पापण्या जड. चेहरा आणि केस बारकाईनं भरलेत, खालचा झगा मात्र झपाट्यानं ओढलेल्या लांब रेषांवरच सोडून दिलाय. अडचणी तीन:

१) ‘उदास’, ‘गूढ’, ‘हरवलेली’ हे शब्द न वापरता मूडबद्दल लिहायचं तर सुरुवात कुठून करायची? चित्रातल्या कशाकडे बोट दाखवायचं?

२) मॉडेल कोण हे माहीत आहे: जोआना हिफरनन, व्हिस्लरची त्या काळातली जोडीदार. पण शीर्षकात नाव नाही, नुसता थकवा. मग ही बाई ‘अनामिक’ म्हणायची का? टिपण तिच्या नावानं सुरू करावं की नाव शेवटी यावं?

३) दोन वेगवेगळ्या संग्रहालयांच्या साइटवरच्या प्रतिमा शेजारी ठेवल्या तर दोन निराळ्या बायका वाटतात. एकीत केस काळेभोर आणि चेहरा त्यात बुडालेला, दुसरीत रेषा करड्या आणि चेहरा जरा टोकदार, जवळजवळ वैतागलेला. विश्वास कुठल्या प्रतीवर ठेवायचा?

---

चिंधीवाली

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय पहिल्याला हात घालण्यात अर्थ नाही. दोन्ही प्रती खऱ्या असू शकतात. फरक बाईत नाही, प्लेटच्या वयात आणि पुसण्यात आहे.

ड्रायपॉइंटला ॲसिड लागत नाही. पोलादी (किंवा हिऱ्याच्या टोकाची) सुई थेट तांब्यावर ओढायची. नांगराच्या तासाला जशी माती बाजूला पडते, तशी रेषेच्या कडेला तांब्याची खरखरीत कड उभी राहते. तिला बर म्हणतात. शाई खाचेत कमी आणि या कडेत जास्त अडकते, म्हणून छापल्यावर रेषेभोवती मखमली काळी साय येते. सुई सरळ उभी धरली तर दोन्ही बाजूंना थोडी-थोडी कड उठते. साठेक अंशांवर कलती धरली तर एकाच बाजूला भरघोस उठते. अगदी आडवी केली तर सुई नुसती घसरते आणि कड लगेच तुटते.

गोम अशी की ही कड फार नाजूक असते. दरवेळी शाई भरताना, चिंधीनं पुसताना, प्रेसखालून जाताना ती दबत जाते. साध्या तांब्याच्या प्लेटवर पहिल्या दहा-पंधरा प्रतींत जो गडदपणा असतो तो वीस-पंचवीसनंतर उतरायला लागतो. मग उरते ती नुसती खाच, म्हणजे बारीक, करडी, कोरडी रेषा. तुमची ‘वैतागलेली’ बाई बहुधा उशिराच्या प्रतीतली आहे. केसांमधली बर गेली की चेहऱ्याभोवतीचा काळा आधार जातो. तो गेला की गालाच्या आणि ओठांच्या रेषा एकट्या पडतात आणि टोचायला लागतात. चेहऱ्यावरची एकही रेषा न बदलता भाव बदलतो.

दुसरी गोष्ट पुसण्याची. प्लेटवर शाई भरल्यावर टार्लटनच्या (खळ घातलेलं जाळीदार कापड) बोळ्यानं पुसतात. शेवटचा हात कोणी कागदानं मारतं, कोणी तळहाताला खडूची पूड लावून. तळहातानं लख्ख पुसली तर कोऱ्या जागा पांढऱ्या राहतात. कापडावर थांबलं तर शाईचा पातळ थर राहतो, तोच प्लेट टोन. अशा प्रतीत संध्याकाळ झाल्यासारखं वाटतं. त्यात मऊ मलमल रेषांवरून हलकेच फिरवून शाई थोडी वर ओढली (याला रेट्रुसाज म्हणतात) तर रेषा आणखी विरघळतात. व्हिस्लरचा १८५८चा ‘फ्रेंच सेट’ पॅरिसमध्ये ज्याच्याकडे छापला गेला तो ऑग्युस्त देलात्र याच कामासाठी नावाजलेला होता. म्हणजे मूडचा काही हिस्सा छापणाऱ्याच्या मनगटात असतो, हे टिपणात एका वाक्यात तरी यायला हवं.

तिसरं, फोटो. व्हिस्लरच्या अनेक प्रती पातळ जपानी कागदावर आहेत आणि तो कागद मधाच्या रंगाकडे झुकतो. फोटो काढताना व्हाइट बॅलन्स ‘दुरुस्त’ केला की कागद पांढरा होतो, कॉन्ट्रास्ट वाढतो आणि सगळा गारठा चित्रात शिरतो. साइटवर रंगपट्टी ठेवून काढलेला फोटो असेल तर तो घ्या.

कुठली प्रत वापरायची ते ठरवण्याआधी ग्लासगो विद्यापीठाच्या ऑनलाइन व्हिस्लर कॅटलॉगमध्ये स्टेट तपासा. स्टेट म्हणजे प्लेटवर प्रत्यक्ष काम करून केलेला बदल. झीज आणि पुसण्यातला फरक म्हणजे स्टेट नव्हे. हे दोन लोक सर्रास एकत्र करतात.

अवांतर: प्लेट झिजू नये म्हणून तिच्यावर विजेनं पोलादाचा पातळ थर चढवतात, त्याला स्टील-फेसिंग म्हणतात. त्यानं प्रती वाढतात पण मखमल थोडी मरते. पिकासोच्या १९०४च्या ‘फ्रुगल रिपास्ट’च्या प्रती शेजारी ठेवून पाहा. जस्ताच्या, आधी कोणीतरी वापरलेल्या प्लेटवरचं काम. सुरुवातीच्या मोजक्या प्रती ऑग्युस्तचाच मुलगा यूजेन देलात्र यानं छापलेल्या. १९१३मध्ये चित्रविक्रेता व्होलारनं प्लेटला पोलाद चढवून २५० प्रतींची आवृत्ती काढली. टेबलाशी बसलेली ती बाई आधीच्या प्रतीत अंधारात आहे, नंतरच्या प्रतीत ती नुसती हडकुळी दिसते.

---

आडवी_रेघ

वरचा प्रतिसाद छापून भिंतीला लावावा असा आहे. मी दुसऱ्या प्रश्नावर लिहिते.

‘अनामिक’ हा शब्द एकदम वापरू नका, आधी त्याचे तीन तुकडे करा. एक, समोर बसलं कोण होतं. दोन, चित्रात दाखवलंय कोण. तीन, नाव कोणी आणि कधी दिलं. ‘वेअरी’त पहिल्याचं उत्तर पक्कं आहे: जोआना हिफरनन, साधारण १८३९चा जन्म, आयरिश, कुटुंब लंडनमध्ये आलेलं, मृत्यू १८८६. ‘सिंफनी इन व्हाइट, नं. १’मधली पांढऱ्या झग्यातली मुलगी तीच. फ्रेंच चित्रकार कूर्बेनं १८६५-६६मध्ये हातात आरसा धरलेली, केसांत बोटं घातलेली ‘जो, ला बेल इर्लांदेज’ रंगवली तीही तीच. २०२२मध्ये लंडनची रॉयल ॲकॅडमी आणि वॉशिंग्टनची नॅशनल गॅलरी इथे तिच्यावरच केंद्रित प्रदर्शन झालं. त्यामुळे आज तिला अनामिक म्हणणं चूक ठरेल.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र निराळं आहे. चित्रात दाखवलीय ती जोआना नव्हे, थकलेली एक बाई. कपड्यांवरून घर कळत नाही, खोली नाही, हातात वस्तू नाही, खाली नाव कोरलेलं नाही. ओळख पटवणाऱ्या सगळ्या खुणा काढून टाकल्यात. ही अनामिकता ठरवून केलेली आहे.

आता व्हिस्लरच्या त्या पाच-सहा वर्षांतल्या स्त्रीचित्रांची शीर्षकं एका ओळीत लावून पाहा. ‘फ्युमेट’ आणि ‘ला मेर जेरार’ (दोन्ही १८५८), ‘फिनेट’ (१८५९), ‘ॲनी हेडन’ (१८६०), ‘जो’ (१८६१), ‘वेअरी’ (१८६३). फ्युमेट आणि फिनेट ही टोपणनावं, एक टोप्या-कपड्यांच्या धंद्यातली, दुसरी कॅनकॅन नाचणारी. मेर जेरार ही फुलं विकणारी म्हातारी, तिला आडनाव मिळालं पण ‘म्हातारी’ या बिरुदासकट. नाव आणि आडनाव दोन्ही व्यवस्थित मिळालंय ते फक्त ॲनी हेडनला. ती कोण? सावत्र बहीण डेबोराची मुलगी, वडील फ्रान्सिस सेमूर हेडन, पेशानं सर्जन आणि स्वतः एचिंग (ॲसिडनं धातूत रेषा खाऊन घेण्याचं तंत्र) करणारे. म्हणजे घरच्या मुलीला पूर्ण नाव, पैसे घेऊन किंवा प्रेमापोटी बसणारीला अर्धं नाव किंवा नुसती अवस्था. तुमच्या टिपणाचा कणा हा होऊ शकतो.

मूडबद्दल एकच सूचना: केस. त्या काळच्या इंग्लंडात प्रौढ बाई चारचौघांत केस बांधलेलेच ठेवत असे. सुटे केस म्हणजे घराच्या आतली, दार लावल्यानंतरची वेळ. आपल्याकडे तिन्हीसांजेला केस मोकळे सोडलेल्या बाईला आजी काय म्हणायची ते आठवून इथे अर्थ लावू नका, आपल्या मनात लगेच शोक नाहीतर अवदसा उभी राहते. इथे फक्त खासगीपणा आहे आणि थोडी शारीरिक जवळीक.

---

ताम्रपत्र

चिंधीवालींशी शंभर टक्के सहमत. आडवी_रेघ यांच्या शीर्षकांच्या मांडणीशी नाही, निदान जशी मांडलीय तशी नाही.

शीर्षकं हा भरवशाचा पुरावा नसतो. व्हिस्लरच्या मुद्राचित्रांची पहिली यादी राल्फ थॉमसनं १८७४मध्ये काढली, मग वेडमोरची १८८६ची, मग केनेडीची १९१०ची. आपण आज जी नावं सहज घेतो त्यांतली अनेक या याद्यांमधून घट्ट झाली. एकाच प्लेटला दोन नावं असणंही नेहमीचं. १८५९चं ‘बेके’ हे ‘द फिडलर’ (व्हायोलिनवाला) म्हणूनही फिरतं, आणि वाजवतोय तो चेलो. तेव्हा ‘व्हिस्लरनं घरच्या मुलीला नाव दिलं आणि जोला दिलं नाही’ असं छातीठोक लिहायच्या आधी प्रत्येक शीर्षक पहिल्यांदा कुठे, कोणाच्या हातून आलं ते कॅटलॉगमध्ये बघा. शिवाय तुमच्याच यादीत ‘जो’ आहे. तिला १८६१मध्ये तिच्याच नावानं हाक मारलेली आहे की.

शीर्षक बाहेरून चिकटतं याचं ठळक उदाहरण जोच्याच बाबतीत घडलंय. पांढऱ्या झग्यातलं तैलचित्र रॉयल ॲकॅडमीनं १८६२मध्ये नाकारल्यावर लंडनच्या एका गॅलरीनं ते एका गाजलेल्या कादंबरीच्या नावानं लावलं. समीक्षक त्यात कादंबरीची नायिका शोधायला लागले. व्हिस्लरनं वर्तमानपत्राला पत्र लिहून सांगितलं की कादंबरी मी वाचलेलीच नाही, चित्रात पांढऱ्या पडद्यासमोर पांढऱ्या कपड्यातली मुलगी आहे, बस्स. म्हणजे चित्रातल्या बाईवर गोष्ट लादली की त्याचं डोकं फिरायचं. ‘वेअरी’वर तुम्ही वर्गाची गोष्ट लादताय.

जुनं उदाहरण हवं असेल तर रेम्ब्रांटचं ‘ग्रेट ज्यूइश ब्राइड’, १६३५. सुटे केस, भरजरी कपडे, हातात कागदाची गुंडाळी. ते शीर्षक रेम्ब्रांटचं नाही. ही पत्नी सास्किया, की बायबलमधली एस्थर, की रोमन देवी मिनर्व्हा, की नुसती नवरी, यावर आजवर मतं पडताहेत. सुरुवातीच्या स्टेटमध्ये फक्त वरचा भाग भरलेला आहे, खालचा कोरा. तिथे गुंडाळी नाही, हात नाहीत, आणि गंमत म्हणजे त्या प्रतीत कोणाला एस्थर सुचणारही नाही. ओळख वस्तूंबरोबर आली, चेहऱ्याबरोबर नाही. ‘वेअरी’त वस्तूच नाहीत, म्हणून आपण ओळखीऐवजी मूड बघतो. मला वाटतं नाव नसणं हा इथे तोटा किंवा अन्याय नाही, ते चित्राचं साधन आहे. डच लोकांत तर ‘ट्रोनी’ हा अख्खा प्रकारच होता: माणूस समोर बसवायचा पण काढायचा तो चेहऱ्याचा नमुना म्हणून. त्यात नाव अपेक्षितच नसायचं.

पहिल्या प्रश्नाला सरळ उत्तर: रेषांच्या घनतेचा नकाशा काढा. चित्रावर ट्रेसिंग पेपर ठेवून तीन भाग आखा. एक, जिथे रेषा एकमेकींत मिसळून काळा ठिपका होतो (इथे केस). दोन, जिथे रेषा सुट्या मोजता येतात (चेहरा, खुर्चीची पाठ). तीन, जिथे रेषांमध्ये बोट मावेल एवढा कागद मोकळा आहे (झगा). मग पाहा, नजर पहिल्या भागापासून निघून तिसऱ्यात कशी विरते. प्लेट सुमारे २० x १३ सें.मी. आहे, ए-५ कागदापेक्षाही लहान. एवढ्याशा जागेत अर्ध्याहून जास्त भाग जवळजवळ सोडून दिलाय. थकव्याचा अनुभव भुवईत शोधण्यापेक्षा या सोडून देण्यात शोधा. शरीराला आकार द्यायचे कष्टच रेषेनं घेतलेले नाहीत.

---

आडवी_रेघ

@ताम्रपत्र, याद्यांचा मुद्दा मान्य, आणि तो टिपणात यायलाच हवा. पण त्यामुळे निरीक्षण खोटं ठरत नाही, फक्त कर्ता बदलतो. व्हिस्लर असो की यादी करणारा, पुरुष मित्रांना आडनावं मिळाली: ‘ड्रूए’, ‘ॲक्सनफेल्ड’, आणि फिडलर म्हणून फिरणारा तो बेकेसुद्धा. बायकांपैकी मॉडेल म्हणून बसणाऱ्यांना नाही. ‘जो’ हेही आडनावाशिवायचं हाक मारायचं नाव आहे, ‘फिनेट’च्याच रांगेतलं. कोणी दिलं याची खात्री नसेल तर वाक्य कर्मणी करा: ‘या चित्रांना रूढ झालेल्या शीर्षकांत असं दिसतं की…’. प्रश्न मिटला.

ट्रोनीबद्दल: तो सतराव्या शतकातला बाजार होता, तिथे गिऱ्हाइकाला चेहराच हवा असायचा. १८६३च्या लंडनला ते जसंच्या तसं लावता येत नाही.

---

वाचनमात्र

एरवी वाचनमात्रच असतो, पण तीन तुकड्यांच्या मुद्द्याला आणखी एक उदाहरण जोडावंसं वाटलं. जर्मन चित्रकर्ती केटे कोलविट्झचं ‘मेलेल्या मुलासह स्त्री’, १९०३चं एचिंग. समोर बसलेली बाई ती स्वतः. आरशासमोर सात वर्षांच्या मुलाला, पीटरला, कवेत घेऊन तिनं ते काढलं. तरी ते आत्मचित्र नाही, शीर्षकात कोणाचं नाव नाही, आणि चेहरा मुलाच्या छातीत असा खुपसलाय की ओळख पटवायची सोय ठेवलेली नाही. पीटर १९१४मध्ये युद्धात गेला, अकरा वर्षांनी. लोक हमखास तारखा उलट्या करून ‘मुलाच्या मृत्यूवर काढलेलं’ असं लिहितात. माहीत असलेलं चरित्र चित्रात मागच्या दारानं घुसतं ते असं. ‘वेअरी’च्या बाबतीतही व्हिस्लर आणि जो पुढे वेगळे झाले हे माहीत असल्यामुळे १८६३च्या चेहऱ्यात दुरावा दिसायला लागतो. तारीख बघून मगच वाक्य लिहा.

तंत्राची एक गंमत: कोलविट्झनं त्यात रेषेच्या एचिंगबरोबर सॉफ्ट ग्राउंड (प्लेटवरचा मऊ मेणाचा थर) आणि सँडपेपर वापरलाय. त्यामुळे कातडीला जो खरबरीत, मातकट पोत आलाय तो नुसत्या सुईनं येत नाही. मूडचं बरंचसं काम त्या पोतानं केलंय.

---

कोरीवकाम

सगळ्यांचे आभार. ट्रेसिंग पेपरचा नकाशा केला, भलताच उपयोगी पडला. कच्चा मसुदा असा आहे, फाडून खा:

“ही बाई आपल्याकडे पाहत नाही, ती स्वतःच्या आत पाहते आहे. तिच्या केसांच्या काळोखात एका युगाचं दुःख साठलेलं आहे. व्हिस्लरनं तिचं नाव लपवून तिला सर्व स्त्रियांची प्रतिनिधी केलं.”

आणखी एक विचारायचं होतं. मुलांना बर म्हणजे काय ते प्रत्यक्ष दाखवायचंय. तांब्याचा खर्च झेपणार नाही. दुसरं काही चालेल का? आणि एचिंगची रेषा शेजारी दाखवता आली तर फरक कळेल.

---

चिंधीवाली

मसुदा आडवी_रेघ बघतीलच, मी प्रात्यक्षिकाचं सांगते.

ॲक्रिलिक शीट घ्या, एक ते दीड मि.मी. जाडीची, पोस्टकार्डाएवढे तुकडे. कडा कानशीनं ४५ अंशांत उतरवा, नाहीतर प्रेसखाली कागद आणि ब्लँकेट (प्रेसमधलं जाड लोकरी कापड) दोन्ही कापले जातात. खाली छापील चित्र ठेवलं की वरून गिरवता येतं, हा ॲक्रिलिकचा फायदा. फक्त छापल्यावर डावं-उजवं उलटतं, तेव्हा खाली ठेवायचं चित्र आधी आरशासारखं उलटं करून छापा. (‘वेअरी’तही हाच प्रकार आहे. जोची मान कागदावर ज्या बाजूला कललेली दिसते त्याच्या विरुद्ध बाजूला ती प्लेटवर काढलेली होती. डाव्या-उजव्या हातांवर मोठे अर्थ लावणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.)

एका तुकड्यावर शेजारीशेजारी तीन चौकोन करा: सुई उभी, सुई साठ अंशांवर, आणि सुई साठ अंशांवर धरून नंतर स्क्रेपरनं कड खरवडून काढलेला. शाई एचिंगचीच हवी. स्क्रीनची किंवा पोस्टरची शाई खाचेत बसत नाही. घट्ट वाटली तर जवस तेलाचे दोन-तीन थेंब, जास्त नको, नाहीतर रेषेतून तेल पसरून तपकिरी कडा येते. कार्डाच्या तुकड्यानं शाई भरा, टार्लटननं गोल-गोल पुसा. बर असलेल्या भागावर जोर काढायचा नाही. नवशिक्यांचं हमखास चुकतं ते इथेच: स्वच्छ करायच्या नादात खाचेतली शाईही उपसून काढतात आणि मग म्हणतात रेषा उमटलीच नाही.

कागद कापसाचा, २५०-३०० जीएसएमचा. वीसेक मिनिटं पाण्यात, मग टिपकागदात दाबून वरची चमक जाईपर्यंत टिपायचा. कोरडा कागद खाचेत शिरत नाही, ओला गच्च असेल तर शाई झिडकारतो. लागोपाठ पंधरा प्रती काढा आणि पहिली, आठवी, पंधरावी भिंतीवर शेजारी लावा. ॲक्रिलिकवरची कड तांब्यापेक्षा लवकर बसते, त्यामुळे एका दुपारीच मुलांना ‘दोन निराळ्या बायका’ दिसतील.

एचिंगच्या रेषेसाठी तांब्याची एकच छोटी पट्टी पुरेल. हार्ड ग्राउंड (ॲसिड अडवणारा मेणाचा कडक थर) लावून सुईनं फक्त मेण उचलायचं, तांबं खोदायचं नाही. फेरिक क्लोराइड (तांबं खाणारं द्रावण) ४० ते ४२ बोमे (द्रावणाच्या घनतेचं माप). पट्टी पालथी तरंगती ठेवा म्हणजे खाचेत गाळ साचत नाही. सगळ्या रेषा दहा मिनिटं, मग एक तृतीयांश भाग वॉर्निशनं झाका, पुन्हा दहा, पुन्हा झाका, शेवटी वीस. म्हणजे दहा, वीस आणि चाळीस मिनिटांच्या तीन छटा मिळतील. द्रावण किती वापरलेलं आहे आणि खोली किती थंड आहे त्यावर वेळ पुढेमागे होते. ग्राउंड पातळ राहिलं किंवा बोटांचा तेलकटपणा लागला तर नको तिथे ठिपके खाल्ले जातात, त्याला फाउल बाइट म्हणतात. चेहऱ्याच्या चित्रात असा ठिपका गालावर पडला की बघणारे त्याला अश्रू म्हणतात! जुन्या प्रतीतले कागदावरचे तपकिरी डागही असेच फसवतात. भिंगातून पाहा: डाग कागदाच्या तंतूत मुरलेला असतो, छापलेली शाई पृष्ठभागावर किंचित उंच असते. तिरप्या उजेडात ते चटकन कळतं, पण अर्थात मूळ प्रतीवरच, प्रतिकृतीवर नाही.

हातमोजे घाला, खोली हवेशीर ठेवा. फेरिक मोरीत ओतू नका, पाइप खातं. आणि फेरिकचे डाग कपड्यांवरून जात नाहीत, हे मुलांच्या आयांना आधीच सांगून ठेवा.

---

आडवी_रेघ

मसुदा. मागितलंय म्हणून फाडते.

‘स्वतःच्या आत पाहते आहे’: पुरावा काय? पापण्या जड आहेत एवढंच दिसतं. ‘युगाचं दुःख’: बर शाई धरते, युग धरत नाही. ‘सर्व स्त्रियांची प्रतिनिधी’: हे वाक्य कुठल्याही चित्राखाली चालतं, म्हणून इथे नको. ‘लपवून’: कोणी लपवलं हे ताम्रपत्रांच्या प्रतिसादानंतर तुम्ही लिहूच शकत नाही.

एक साधी शिस्त लावून घ्या. भावाबद्दलचं प्रत्येक विधान चित्रातल्या एका जागेला बांधायचं. जागा सापडली नाही तर विधान खोडायचं. मी केलेला खर्डा, हवा तसा बदला:

“खुर्चीच्या पाठीला टेकलेलं डोकं आणि त्याभोवती पसरलेले केस एवढाच भाग व्हिस्लरनं पूर्ण भरला आहे. सुईनं उचकटलेल्या तांब्याच्या कडेत शाई साचून केसांना दाट काळेपणा आला आहे आणि चेहरा त्याच्या मधोमध उजळ राहिला आहे. मानेखाली रेषा विरळ होतात. झगा दहा-वीस लांब फटकाऱ्यांत सुचवून सोडला आहे. समोर बसली होती जोआना हिफरनन. पण खोली, दागिना, वस्तू, नाव यांतलं काहीही चित्रकारानं प्लेटवर येऊ दिलेलं नाही, आणि रूढ शीर्षकही तिची अवस्था सांगतं, ओळख नाही. व्हिस्लरच्या या काळातल्या चित्रांच्या रूढ शीर्षकांत नात्यातल्या मुलीला आणि पुरुष मित्रांना नावं आहेत, मॉडेल म्हणून बसणाऱ्या बायकांना बहुधा टोपणनावं. इथे दिसणारी छटा या प्रतीची आहे. प्लेट झिजल्यावर काढलेल्या प्रतीत केस करडे होतात आणि हाच चेहरा अधिक कठोर वाटतो.”

‘दहा-वीस’ हा आकडा तुमच्या ट्रेसिंगवरून मोजून टाका, माझा अंदाज आहे.

---

ताम्रपत्र

‘येऊ दिलेलं नाही’ऐवजी ‘आलेलं नाही’ करा, पुन्हा हेतू लादताय. बाकी खर्डा उत्तम. शीर्षकांचं वाक्य ‘रूढ’ हा शब्द ठेवलात म्हणून मला चालेल.

---

आडवी_रेघ

खोली रिकामी ठेवायचा निर्णय सुई धरणाऱ्याचाच असतो हो, यादी करणाऱ्याचा नसतो. ‘येऊ दिलेलं नाही’च ठेवा.

---

कोरीवकाम

ठेवतो. झग्याचे फटकारे मोजून आकडा टाकतो. शेवटचं एक: चित्राच्या पट्टीवर काय-काय लिहायचं आणि कुठल्या क्रमानं?

---

चिंधीवाली

चित्रकार, शीर्षक, प्लेटवरचं वर्ष, ‘ड्रायपॉइंट’ (‘एचिंग’ नको, ॲसिड लागलेलं नाही), कागदाचा प्रकार, प्लेटचं माप उंची आधी आणि रुंदी नंतर, स्टेट, मूळ प्रत कोणत्या संग्रहात आहे ते. त्याखाली वेगळ्या ओळीत ‘मॉडेल: जोआना हिफरनन’. आणि तुम्ही लावताय ती प्रतिकृती आहे हे स्पष्ट लिहा, मूळ मापातच छापा. ए-३ करून लावलीत तर रेषा दोरखंडासारख्या दिसतील आणि वर केलेली सगळी चर्चा वाया जाईल.